काशीच्या लूमध्ये कोंबडी जगवायची कशी?

वैशाखात काशीयात्रेला गेलेल्या मराठी माणसाला गंगेइतकीच आणखी एक गोष्ट जन्मभर लक्षात राहते. ती म्हणजे लू! दुपारी भट्टीचं तोंड उघडावं तसा पश्चिमेचा कोरडा वारा सुटतो, पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या मराठी वस्तीतली दारं-खिडक्या पटापट बंद होतात. माणूस घरात शिरतो, पन्हं पितो, कूलर लावतो. पण शहराबाहेरच्या शेतात, पत्र्याच्या शेडखाली दाटीवाटीनं उभ्या असलेल्या पाच हजार कोंबड्यांनी जायचं कुठं?

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगात घर्मग्रंथीच नसतात, वरून पिसांचं पांघरूण. अंगचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर. हवा तिशीच्या पुढं गेली की ती पंख अंगापासून दूर धरते, चोच उघडते आणि धापा टाकू लागते. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस वेळा चालणारा श्वास दीडशेच्या वर जातो. घशातला ओलावा वाफ होऊन उडतो आणि तेवढाच काय तो थंडावा. याची किंमतही आहे. अति धापांनी रक्तातला कर्बवायू कमी होतो, त्यामुळं अंडी देणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचं कवच पातळ पडतं. उन्हाळ्यात बाजारातून आणलेली अंडी पिशवीतच फुटतात, त्यामागं हेही एक कारण असतं.

ब्रॉयलरचं दुखणं निराळं. पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोचा होणारा हा पक्षी उष्माघातानं जातो तो बहुधा शेवटच्या आठवड्यात, म्हणजे सगळं खाद्य खाऊन झाल्यावर! दोन किलोच्या एका पक्ष्याच्या अंगातून साधारण दहा वॉट उष्णता बाहेर पडते. पाच हजार पक्षी म्हणजे शेडमध्ये हजार वॉटच्या पन्नास शेगड्या पेटवून ठेवल्यासारखंच झालं. आज अनेक शेतकरी कंपनीशी करार करून पक्षी वाढवतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, तर शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची. पैसे मिळतात ते शेवटी उचललेल्या जिवंत वजनावर. एका दुपारी पाचशे पक्षी आडवे झाले, तर घरच्या मंडळींची महिनाभराची मेहनत गेलीच, शिवाय शेडच्या कर्जाचा हप्ता उभाच.

म्हणून शहाणा माणूस शेड बांधतानाच विचार करतो. लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे लांब बाजूंवर ऊन थेट पडत नाही. रुंदी तीस फुटांच्या आत, नाहीतर वारा मधल्या पक्ष्यांपर्यंत पोचतच नाही. बाजूची भिंत फूट-दीड फूट, वर जाळी, पत्रे तीन-चार फूट बाहेर काढलेले. पत्र्याला चुना फासायचा किंवा वर भाताच्या पेंढ्याचा थर देऊन त्यावर पाणी मारायचं. पाण्याची टाकी उन्हात असेल तर मात्र सगळं फुकट. तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही. टाकीवर ओलं गोणपाट टाकावं. आणि सकाळी दहा-अकरापासून चार-पाचपर्यंत खाद्य काढून घ्यावं, कारण पचनाचीही उष्णता अंगातच साठते. पहाटे आणि रात्री खाऊ दे की पोटभर!

आता खरी गोम. बनारसमध्ये एकाच वर्षात दोन तऱ्हेचा उकाडा असतो आणि दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

मे महिन्यातली हवा ४३ अंशांची पण कोरडी ठणठणीत. नुसता पंखा लावला तर तो कोंबडीच्या अंगापेक्षाही गरम हवा तिच्यावर फेकतो. इथं पाणी हवंच. जुन्या हवेल्यांत वाळ्याचे ओले पडदे लावत, तीच युक्ती. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचे पडदे भिजवायचे. वरून फटी मात्र मोकळ्या. बंदिस्त शेडमध्ये हेच काम एका टोकाचे कूलिंग पॅड आणि दुसऱ्या टोकाचे मोठे एक्झॉस्ट पंखे करतात. ओल्या पॅडमधून आलेली ४३ अंशांची हवा तिशीपर्यंत उतरू शकते.

मग पाऊस येतो. पारा चौतिसावर उतरतो, शेतकरी हुश्श करतो, फॉगर मात्र सवयीनं चालूच राहतात. इथंच घात होतो! हवा आधीच ओलावलेली, तिच्यात आणखी पाणी सोडून तापमान उतरतं जेमतेम तीन अंश. उलट दमट हवेत कोंबडीच्या घशातला ओलावा उडत नाही. तिचा एकुलता एक उपायच आपण बंद पाडतो. खालचं भाताचं तूस भिजतं, अमोनिया सुटतो, रक्ती हगवण पसरते. या दिवसांत फॉगर बंद, पडदे वर आणि पंखे जोरात, एवढंच करायचं.

कुठल्या दिवशी काय, हे ओळखायला दोन साधे थर्मामीटर पुरतात. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात टांगायचे. दोन्हींत दहा अंशांहून अधिक फरक असेल तर पाणी बिनधास्त वापरावं. फरक तीन-चारच असेल तर पाण्याला हात लावू नये. आपल्याकडं नागपूर-अमरावतीचा मे म्हणजे बनारसचा मेच. पालघर-रायगडला मात्र उन्हाळ्यातही बनारसच्या श्रावणासारखा घामट उकाडा. अमरावतीच्या पाहुण्यांचं बघून कोकणात फॉगर बसवणाऱ्यानं आधी हे दोन थर्मामीटर टांगावेत.

जानेवारीत बनारसवर दिवसच्या दिवस धुकं बसतं, तेव्हा उलटी चूक होते. थंडीच्या धास्तीनं पडदे गच्च आवळले जातात. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले तर समजावं, पक्षी रात्रभर तेच हुंगताहेत. मग पोटात पाणी होऊनही ब्रॉयलर मरतात. पडदा खाली बांधून वर वीतभर उघडा ठेवावा, म्हणजे गार हवा थेट पिल्लांच्या अंगावर न येता वरच मिसळते.

राहता राहिली वीज. उघड्या शेडमध्ये ती गेली तर निदान झुळूक तरी असते. बंदिस्त शेडमध्ये भर उन्हाळ्यात पंखे थांबले, तर अर्ध्या तासात सडा पडू शकतो. म्हणून तिथं जनरेटर हवाच. तो आठवड्यातून एकदा सुरू करून बघायचा, डिझेल आहे का ते डोळ्यांनी पाहायचं. आणि वीज गेल्याची घंटा शेडमध्ये नव्हे, घरात वाजली पाहिजे. दुपारी दोन वाजता सगळे तिथंच झोपलेले असतात.