नगण्य मानलेल्या ताणाचा निर्णय

काचेच्या दोन तक्त्यांमध्ये मिलिमीटरभर फट ठेवून तीत ग्लिसरीन भरले आणि एका टोकाने हवा दाबली, तर ग्लिसरीनची कड सरळ रेषेत मागे सरत नाही. हवेला बोटांसारखे फाटे फुटतात; त्यांतला एक आघाडी घेतो, बाकीचे खुंटतात. कारण उघड आहे. कडेवर जरा उंचवटा आला की त्याच्यापुढे दाबाचा उतार तीव्र होतो आणि वेग उतारावरच ठरत असल्याने उंचवटा आणखी वाढतो. पण यातून वाढ समजते, आकार नव्हे. फिलिप सॅफमन आणि जेफ्री टेलर यांनी १९५८ मध्ये पृष्ठताण वगळून समीकरणे सोडवली, तेव्हा बोटाची रुंदी तक्त्यांमधल्या पन्हळीच्या रुंदीचा कितीही अंश असू शकते, असे उत्तर आले. प्रयोगात मात्र प्रवाह वेगवान केला की रुंदी निम्म्याजवळ स्थिरावत होती. ही निवड वगळलेल्या पृष्ठताणानेच केलेली असते, असे माझे प्रतिपादन आहे.

पृष्ठताण इतका क्षीण असताना हे कसे शक्य आहे? १९८१ मध्ये मॅक्लीन आणि सॅफमन यांनी तो हिशेबात धरून संगणकावर आकडेमोड केली आणि ठरावीक रुंदी मिळवली. १९८६ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे त्यामागचे कारण उलगडले. ताणाचा परिणाम पायरीपायरीने मोजत गेले, तर प्रत्येक पायरीवर सगळ्या रुंदी चालतात. त्यांना नाकारणारे पद घातांकी सूक्ष्म असल्याने या मोजणीत कधी सापडतच नाही. ते धरले की मोजक्या रुंदी सोडून इतरांच्या टोकाला कोन पडतो, आणि पृष्ठताण कोन टिकू देत नाही. ताण शून्याकडे नेला की उरलेल्या रुंदी निम्म्याकडे सरकतात. त्याच सुमारास कुदे आणि सहकाऱ्यांनी बोटाच्या टोकावर बारीकसा बुडबुडा बसवला, तर बोट निम्म्याहूनही अरुंद झाले. निर्णय टोकावर होतो, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

यावर दोन आक्षेप येतात. विटेन आणि सँडर यांच्या १९८१ च्या प्रतिकृतीत भटकणारे कण एकमेकांना चिकटून फांद्या तयार होतात. तिथे पृष्ठताण नाही. खरे आहे, पण तिथे कणाचा आकारच सर्वांत लहान लांबी ठरवतो. म्हणजे मर्यादा आहेच, फक्त दुसऱ्या रूपात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ताणाविनाही समीकरणे निम्मी रुंदी निवडतात, असे मिनीव्ह-वाइनस्टाइन यांनी १९९८ मध्ये मांडले. मात्र त्याच समीकरणांच्या इतर अचूक उकली वेगळ्या रुंदीवर थांबतात, आणि अनेक सुरुवातीच्या कडांना ठरावीक वेळेतच टोकदार अणी फुटून गणित तिथेच संपते. नियंत्रक नसलेले समीकरण निसर्गाची पूर्ण हकिगत सांगू शकत नाही.

मुंबईच्या आयआयटीत प्रसन्न गांधी यांच्या गटाने काचेच्या तक्त्याला नेमकी छिद्रे ठेवून, तक्ते विलग करताना हवा हव्या त्या ठिकाणी आत घेतली आणि या बेशिस्त फाट्यांतून सुबक जाळ्या घडवल्या. अस्थिरता तीच राहिली, तिला वाट मात्र आखून मिळाली. लहानशा गोष्टीनेही आकार ठरतो; म्हणून एखादे पद लहान आहे एवढ्यावरून ते खोडू नये. ते खोडल्यावर उत्तर एकच उरते की असंख्य होतात, हे आधी तपासावे.