आवाजाच्याच तारेतून वीज

कंडेन्सर माइकच्या बुडाशी तीन पिना असतात. त्याच तीन पिनांमधून आवाज बाहेर येतो आणि वीज आत जाते, दोन्ही एकाच वेळी. घरी रेकॉर्डिंग करणारी मंडळी माइक निवडण्यात महिनोनमहिने घालवतात. त्यातला थोडा वेळ जरी या पिनांना दिला, तरी खरखर, गुणगुण आणि 'आवाज बारीक येतो' या तक्रारींतल्या निम्म्या जागच्या जागी मिटतील, असं माझं ठाम मत आहे.

डोंबिवलीला राहणारी माझी मावसबहीण घरूनच ऑडिओबुकं वाचते. तिनं मागवलेल्या माइकच्या खोक्यात एक तार होती: एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी साडेतीन मिलिमीटरची पिन. ती थेट लॅपटॉपमध्ये बसते, म्हणून तिनं बसवली. "दादा, ओरडले तरी कुजबुजल्यासारखं येतंय," असा तिचा फोन आला. माइक चांगला होता, पण उपाशी होता. लॅपटॉपच्या त्या भोकातून जेमतेम दोन-चार व्होल्ट मिळतात, आणि माइकला हवे असतात अठ्ठेचाळीस.

एवढे कशाला? माइकच्या जाळीमागे काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या मागे, केसभर अंतरावर, धातूची चकती. दोघांमध्ये विद्युतभार साठवलेला असतो. बोलणाऱ्याच्या आवाजानं पडदा हलतो, अंतर कमीजास्त होतं आणि व्होल्टेज त्याबरोबर वरखाली होतं. हा संकेत इतका नाजूक असतो की हातभर तारेतूनही तो धड जाणार नाही. म्हणून पडद्याला लागूनच एक ट्रान्झिस्टर बसवलेला असतो; तो संकेताला तारेतून जाण्याचं बळ देतो. विजेची गरज दोघांना असते, पडद्याला आणि ट्रान्झिस्टरला. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक घडवला. त्यात भार पदार्थातच कायमचा कोंडलेला असतो. तरी ट्रान्झिस्टरची भूक उरतेच.

अठ्ठेचाळीस हा आकडा नॉर्वेतून आला. १९६६ साली जर्मनीच्या नॉयमान कंपनीनं नॉर्वेच्या सरकारी रेडिओला, एनआरकेला, ट्रान्झिस्टरवर चालणारा केएम ८४ हा माइक दिला. वीज आवाजाच्याच तारेतून जायला हवी होती. स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची व्यवस्था आधीच होती, तीच माइकला जोडली. पुढे तेच मानक झालं. आज डोंबिवलीतल्या टेबलावरच्या छोट्या डबीवर '४८ व्ही' असं बटण दिसतं, त्याच्या मागे ते दिवे आहेत, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

या विजेला फँटम पॉवर म्हणतात, आणि तिची युक्ती सुरेख आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर ६.८ किलोओहमच्या एकेका रेझिस्टरमधून सारखेच ४८ व्होल्ट सोडतात. परतीची वाट पहिल्या पिनेची. दोन आणि तीनमध्ये विजेचा फरक शून्य. संकेत वाढवणारा प्रीअॅम्प फक्त या दोघींमधला फरक ऐकतो, म्हणून त्याला वीज दिसतच नाही, आवाज तेवढा दिसतो. तारेवर बाहेरून आलेली गुणगुणही दोघींवर सारखीच पडते, तीही अशीच गळून जाते. माइकनं ३ मिलिअॅम्पिअर घेतले तर रेझिस्टरमध्ये सुमारे दहा व्होल्ट खर्च होतात आणि माइकपर्यंत अडतीसच्या आसपास पोचतात. चांगल्या माइकची रचना हे गृहीत धरूनच केलेली असते.

मावसबहिणीसाठी यूएसबीवर चालणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे ती '४८ व्ही'ची डबी, आणला. जोडणीचा क्रम मी पाळतोच. गेन शून्यावर, हेडफोनचा आवाज बंद, मग एक्सएलआर तार 'खट' होईपर्यंत दोन्हीकडे बसवायची, आणि त्यानंतर ४८ व्ही. आधी बटण आणि मग तार असं केलं तर कानात दणका बसतो. बटण दाबल्यावर काही सेकंद थांबायचं; आतले कपॅसिटर भरले की खोली ऐकू येऊ लागते. बहिणीकडे ती ऐकू आलीच: पंखा, खालच्या रिक्षा, दूरवर लोकलचा भोंगा. आणि या सगळ्याच्या तळाशी अखंड 'घूं'.

हा 'घूं' आपल्या घरांचा खास पाहुणा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमधली अर्थिंगची तार पुष्कळदा कुठे जोडलेलीच नसते. मी लॅपटॉपचा चार्जर उपटला. घूं थांबला. म्हणजे माइक, तार, इंटरफेस निर्दोष, गुन्हेगार भिंतीत. इलेक्ट्रिशियननं अर्थिंग नीट करून देईपर्यंत तिनं बॅटरीवर वाचायचं ठरवलं. माइकची तार विजेच्या तारेला समांतर न नेता काटकोनात ओलांडली, पंख्याचा रेग्युलेटर बंद केला.

वाचताना तोंड माइकपासून वीतभर लांब. या माइकात टोकाकडून नाही, बाजूनं बोलायचं असतं, आणि बाजू बहुधा कंपनीचं चिन्ह असलेली. मराठीत भ, फ, ख, थ जागोजागी येतात. 'भाऊ', 'फळी' म्हणताना हवेचा झोत थेट पडद्यावर आदळतो. मधे जाळीचा पॉप फिल्टर लावला आणि माइक तोंडाच्या रेषेतून जरा बाजूला सरकवला. सर्वात मोठ्या आवाजाला काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन. चोवीस बिटमध्ये रेकॉर्ड करत असल्यानं त्याहून वर ढकलण्यात काही मिळकत नाही.

राहता राहिला पावसाळा. दमट हवेत पडद्यावर ओल धरली की भार झिरपून जातो आणि चटचट असा आवाज येऊ लागतो. माइक बिघडला असं समजून लोक तो दुरुस्तीला पाठवतात. काम संपलं की आधी गेन खाली, मग ४८ व्ही बंद, क्षणभर थांबून तार काढायची, आणि माइक सिलिका जेलची पाकिटं घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिनं त्या पाकिटांचा रंग दर आठवड्याला बघायचा आणि बदलला की पाकिटं नवी टाकायची, असं आमचं ठरलं आहे.