विहारचा पाऊस, दासगावची दरड

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

दरवर्षी जुलैच्या सुमारास वर्तमानपत्रात एक चार ओळींची बातमी येते. 'पवई तलाव भरून वाहू लागला.' हे पाणी पिण्याचे नाही, त्यामुळे पाणीकपातीशी त्या बातमीचा काही संबंध नसतो. तरीही आम्ही पवईकर छत्र्या घेऊन बंधाऱ्यापाशी जातो, कणसे खातो आणि सांडणारे पाणी बघत उभे राहतो. १८९१ साली बांधलेल्या या तलावाचे आणि त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या विहार तलावाचे सांडपाणी मिळून मिठी नदी होते. साकीनाका, कुर्ला करीत अठराएक किलोमीटरवर ती माहीमच्या खाडीला मिळते.

२६ जुलै २००५ ला मात्र कोणी पाणी बघायला गेले नाही. मंगळवार होता. दुपारी अडीचच्या पुढे पाऊस जो धरला तो रात्रीपर्यंत हटला नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि आमच्या शेजारच्या विहार तलावावर त्याहूनही जास्त, सुमारे १,०४५ मिलिमीटर. म्हणजे एका दिवसात मीटरभर पाणी. हा आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर असे समजा : पाचशे चौरस फुटांच्या घराची गच्ची असेल, तर तेवढ्या एका गच्चीवर दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर ओतले गेले. आता हेच गणित सगळ्या उपनगराला लावून पाहा.

त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. जुलै महिन्यात मुंबईकर ज्याला 'बऱ्यापैकी पाऊस' म्हणतो, तेवढाच. कुलाबा आणि सांताक्रूझ यांत अंतर विसेक किलोमीटरचे. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या लोकांना उपनगरातून फोन येत होते, तेव्हा पलीकडचा माणूस अतिशयोक्ती करतो आहे असेच अनेकांना वाटले असणार.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. मोसमी पाऊस आपण ओळखतो तो रिपरिप पडणारा, पसरट ढगांचा. त्या दिवशीचे ढग निराळे होते. चौदा-पंधरा किलोमीटर उंच चढलेले, वळिवाच्या ढगांच्या जातीचे. समुद्रावरून येणारा वारा बाष्पाने जड झालेला, देशाच्या मध्यभागाकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्राने तो वारा जोराने आत ओढलेला, आणि किनाऱ्यालगत वाऱ्यांची अशी काही जुळणी झालेली की एक ढग रिता होतो न होतो तोच त्याच जागी मागून दुसरा उभा राहत होता. लोकलच्या एकाच रुळावरून गाड्यांमागून गाड्या याव्यात आणि सगळ्या एकाच स्टेशनवर रिकाम्या व्हाव्यात, तसे ते होते. त्यात दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरची भरती. खाडीने मिठीचे पाणी घेतलेच नाही.

अशी वादळे आकाराने लहान आणि परिणामाने भयंकर असतात. अमेरिकेत टोर्नेडो नावाची चक्री वावटळ येते, तिचेही हेच. तिचा पट्टा कधी अर्धा, कधी एक किलोमीटर रुंद. त्या पट्ट्यातले घर जमीनदोस्त होते आणि शेजारच्या शेतातला कडबा जागच्या जागी राहतो. १९२५ साली तिकडच्या तीन राज्यांतून गेलेल्या एका टोर्नेडोने ६९५ माणसे मारली, त्यांतली पुष्कळशी लहान गावांतली आणि वाड्यावस्त्यांवरची. बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या टोर्नेडोने सुमारे तेराशे बळी घेतले. तीही खेडीच होती. महाराष्ट्रात अशी वावटळ जवळजवळ नसते, पण 'जिल्ह्यात काही ठिकाणी अतिवृष्टी' एवढ्या मोघम इशाऱ्यातून नेमके आपले गाव निसटते, ही अडचण आपलीही आहे. आपल्याकडे वाऱ्याऐवजी डोंगर येतो, इतकाच फरक.

२६ जुलै म्हटले की आपल्याला मिठी आठवते, बंद पडलेल्या लोकल आठवतात, गाडीच्या काचा वर करून बसलेले आणि आतच गुदमरलेले लोक आठवतात. साकीनाक्याला टेकडीचा कडा झोपड्यांवर कोसळून सत्तरहून अधिक माणसे गेली. ते ठिकाण माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण त्याच दोन दिवसांत, २५ आणि २६ जुलैला, रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या चार गावांवर दरडी कोसळल्या आणि सुमारे दोनशे माणसे मातीखाली गेली. सर्वांत जास्त जुईची. सावित्रीला पूर आलेला, महाड शहर पाण्यात, रस्ते बंद. मुंबई स्वतःच बुडालेली असल्यामुळे या गावांची बातमीसुद्धा उशिरा आली. मला वाटते, ती अजूनही पुरती पोचलेली नाही. मुंबईत दरवर्षी २६ जुलैची आठवण निघते, तेव्हा ही चार नावे किती जणांच्या तोंडी येतात?

दरड का कोसळते? कोकणातल्या डोंगरांचा गाभा काळ्या कातळाचा. त्यावर वर्षानुवर्षे झिजून तयार झालेल्या तांबड्या मातीचा आणि सुट्या दगडांचा थर असतो. कोरड्या दिवसांत मातीचे कण एकमेकांना धरून असतात. पाऊस मुरत मुरत खाली जातो, पण कातळापाशी अडतो. पाणी साचत गेले की ते मातीच्या कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागते, वर थराचे वजनही वाढते. आधीचे चार दिवस झड लागलेली असेल तर माती अगोदरच भरलेली असते. मग एका रात्रीची मुसळधार पुरते. सगळा थर साबणावरून सरकावा तसा खाली येतो, आणि उतारावरचे पाणी जिथून उतरते, नेमकी तिथेच सोयीची म्हणून वाडी वसलेली असते.

याची चाहूल लागते का? बऱ्याचदा लागते. उतारावर किंवा अंगणात नवी भेग दिसते. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होतो, किंवा कधी नव्हता तिथे पाणी फुटते. विजेचा खांब, एखादे झाड कलते. घराचे दार चौकटीत अडकू लागते. जुनीजाणती माणसे या खुणा ओळखतात. पण त्या दिसतात रात्री, भर पावसात, आणि तेव्हा गोठ्यातली गुरे सोडून, म्हाताऱ्यांना उचलून जायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. शहरात बसून 'स्थलांतर करा' म्हणणे सोपे आहे.

दरम्यान काही गोष्टी बदलल्या, हे मान्य केले पाहिजे. २००५ साली मुंबईला डॉप्लर रडार नव्हते. ढग किती उंच आहे, कुठे सरकतो आहे हे दर काही मिनिटांनी दाखवणारे हे यंत्र नंतर कुलाब्याला आले आणि २०२२ मध्ये दुसरे जोगेश्वरीजवळ वेरावलीला. महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसवली. विहारला किती पडतो आहे हे आता कुलाब्याला त्याच क्षणी कळू शकते. राज्यात 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक हवामान केंद्रे उभी राहिली. पण एका मंडळात कितीतरी गावे येतात, आणि केंद्र बहुधा सपाटीला असते. डोंगराच्या माथ्यावर पडणारा पाऊस तिथे मोजला जाईलच असे नाही.

आणि दरडी थांबलेल्या नाहीत. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणमध्ये १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला पुन्हा महाड तालुकाच, तळिये गाव, ऐंशीहून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. तिथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसांचा पत्ताच लागला नाही, आणि शेवटी शोध थांबवावा लागला. गडाच्या पोटाशी असलेल्या त्या आदिवासी वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेले लोक काळोखात, चिखलातून, पायी डोंगर चढून गेले. दरडींचा धोका असलेल्या गावांची यादी सरकारदरबारी तयार होती. इर्शाळवाडीचे नाव तिच्यात नव्हते.