जादा तासांचा हिशेब

पौष-माघात तुरीची आवक सुरू झाली, की बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील बाजारपेठांतून घड्याळाकडे पाहावयास कोणास सवड राहत नाही. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद येथील अडत दुकानांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. कलबुर्गीच्या डाळ गिरण्यांतून भरडाई चालू असते. आपल्यापैकी अनेक जण सूर्यास्तापूर्वी घरी जाऊन जेवून येतात. मुनीम, तोलणारा व दुकानचा गडी मात्र जागचे हलत नाहीत. त्यांच्या या जादा तासांची नोंद आपल्या वहीत कोठे असते? पुष्कळ ठिकाणी ती कोठेच नसते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच पेढीवरील एक जुना तोलणारा वयोमानामुळे काम सोडून गावी जावयास निघाला. देणे-घेणे मिटविताना त्याने एक मळकी डायरी पुढे केली. दुकान केव्हा उघडले आणि फळ्या केव्हा लागल्या, याची रोजची नोंद तीत होती. आमच्या चोपडीत पै-पैचा जमाखर्च होता. परंतु या बाबतीत एक अक्षरही नव्हते. दिवाळीस कपडे व पोस्त देतो, अडीअडचणीस उचल देतो, मग आणखी काय राहिले, असे आमचे उत्तर होते. ते उत्तर चुकीचे होते. पोस्त ही खुशीची बाब आहे आणि जादा तासांचे वेतन हे देणे आहे. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही.

हे दोन्ही जिल्हे १९५६ साली हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. त्या राज्याने १९६१ साली दुकाने व व्यापारी आस्थापनांचा कायदा केला. तोच पुढे कर्नाटकचा कायदा झाला. त्याने दिवसास ९ तास व आठवड्यास ४८ तास अशी मर्यादा घातली आणि त्यावरील कामास नेहमीच्या दराच्या दुप्पट वेतन ठरविले. येथे बहुतेकांची गफलत होते ती अशी, की ९ तासांची मर्यादा तेवढी ध्यानात राहते. रोज ९ तास याप्रमाणे सहा दिवस काम घेतले, तर कोणत्याही एका दिवशी मर्यादा ओलांडली जात नाही. पण आठवड्याचे ५४ तास भरतात आणि ६ तास दुप्पट दराने द्यावे लागतात.

समजा, एखाद्या नोकराचा मासिक पगार १५,६०० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले, तर २०८ तास होतात. तासाचा दर ७५ रुपये पडतो व जादा तासाचा १५०. म्हणजे वरील ६ तासांचे ९०० रुपये झाले. हंगाम आठ आठवडे चालला, तर हीच रक्कम ७,२०० रुपयांवर जाते. जवळजवळ अर्ध्या महिन्याचा पगार! आणि हे जादा तास ४८ झाले. तीन महिन्यांत ५० तासांहून अधिक जादा काम घेऊ नये, असेही १९६१ च्या त्या कायद्याने सांगितले होते.

पोत्यामागे हमाली घेणाऱ्या हमालाचा प्रश्न निराळा आहे. तो येथे घेत नाही.

गिरण्यांना १९४८ चा कारखाने कायदा लागू होता व त्यातही दर दुप्पटच होता. कर्नाटकाने २०२३ साली कारखान्यांतील तासांच्या मर्यादा वाढविल्या. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. ज्यांचे व्यवहार उदगीर-लातूरकडेही आहेत, त्यांना महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा पाहावा लागतो. तास किती, हे असे वेळोवेळी बदलत आले आहे आणि ते आपल्या सल्लागारास विचारूनच घ्यावे. दुप्पट मात्र कोणी बदलली नाही. उलट वेतन संहितेने तासाचा अंशही मोजावयास सांगितला आहे. तेव्हा "दहा-वीस मिनिटांचे काय धरावयाचे" हे बोलणे आता चालणार नाही.

त्याच संहितेतील आणखी एक कलम सभासदबंधूंनी नीट वाचावे. वेतन कमी मिळाल्याची तक्रार झाली, तर ते दिले होते हे शाबीत करण्याचा भार मालकावर आहे, आणि तक्रारीस तीन वर्षांची मुदत आहे. ज्याच्या वहीत नोंद नाही, तो काय दाखविणार? अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. ते बैलापुरतेच आहे, असे समजण्याची सोय आपण करून घेतली आहे, हे जाता जाता नमूद करतो.

आम्ही पाडव्यापासून हजेरीवहीत दोन रकाने वाढविले: येण्याची वेळ व जाण्याची वेळ. रोज संध्याकाळी नोकराची सही घेतो. प्रारंभी मुनीमजींनाच ते अपमानाचे वाटले. पहिल्या महिन्याचे जादा पैसे हाती पडल्यावर कुरकुर थांबली.

त्या तोलणाऱ्याच्या डायरीवरून आम्ही मागील तीन वर्षांचा हिशेब केला. काही पाने पावसात भिजून पुसट झाली होती. तेथे त्याचा शब्द प्रमाण धरला. रक्कम मोजून घेताना तो इतकेच म्हणाला, "थोरल्या शेठजींनी कधी विचारले असते, तर तेव्हाच दाखविली असती."