घ्राणसंवेदनेची आनुवंशिकी, परोपजीवी गांधील माश्यांतील

परोपजीवी गांधील माशीची मादी इतर कीटकांच्या अंगावर वा अंगात अंडी घालते. असा कीटक हुडकण्यास तिला मुख्यत्वे शृंगिकांवरील गंधग्राहींचा उपयोग होतो. या ग्राहींच्या जीनांचा सखोल अभ्यास नेसोनिया व्हिट्रिपेनिस या, माश्यांच्या कोशांवर वाढणाऱ्या जातीत झाला आहे. तिच्यात ३०१ गंधग्राही जीन आढळले (२०१०); पैकी ७६ निष्क्रिय आहेत. मधमाशीत ही एकूण संख्या सु. १७० आहे. जीनांच्या द्विरावृत्तीने अशी कुले विस्तारतात व काही प्रती पुढे निकामी होतात.

नर अफलित अंड्यापासून उपजत असल्याने एकगुणित असतो. त्यामुळे त्याच्यात अप्रभावी जीनही प्रकट होतो व संकरांचे विश्लेषण सुकर होते. या जातीच्या नराच्या कामगंधात निकटच्या जातींत नसलेला एक जादा घटक असतो. तो लगतच्या तीन जीनांशी निगडित असल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. निकटच्या जातींच्या माद्यांना तो घटक वेगळा जाणवत नाही. यावरून नवा गंध आधी निर्माण झाला व माद्यांची पसंती नंतर आली, असे अनुमान निघते.

कीटकांच्या जैव नियंत्रणात मादी योग्य कीटकच निवडते की नाही, याला महत्त्व असल्याने हे संशोधन उपयुक्त ठरते.