सवत्स धेनूचा पान्हा

आश्विन वद्य द्वादशीच्या तिन्हीसांजेला दिवाळीची पहिली पणती लागते ती गोठ्याच्या वाटेवर. लक्ष्मीपूजनाच्या आधी, नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाच्याही आधी, घरची सुवासिनी गाईच्या पायांवर पाणी घालते, कपाळी हळदकुंकू लावते आणि तिला ओवाळते. वसू म्हणजे धन, बारस म्हणजे द्वादशी. या पूजेस नुसती गाय चालत नाही. तिच्याजवळ तिचे वासरू असावे लागते. पूजा सवत्स धेनूची असते.

आणखी एक नियम अनेक घरांत पाळला जातो. व्रतस्थ स्त्री आज गाईचे दूध, दही, तूप सेवन करीत नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी एवढ्यावरच तिचा उपवास सुटतो. सणाच्या दिवशी घरात दूध असून ते पानात का नाही, असे आम्ही बालपणी आजीस विचारले होते. तिने वासराकडे बोट दाखविले आणि म्हणाली, "आज दूध त्याचं आहे, बाळा." पंचांगकर्ते या नियमाचा काय अर्थ लावतात तो लावोत, दुग्धशास्त्राने गेल्या शतकभरात जे शोधून काढले, ते आजीच्या त्या उत्तराच्या फारसे पलीकडे गेलेले नाही, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे.

वासराने ढुशी दिली की गाय पान्हा सोडते, हे गवळ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु पान्हा म्हणजे नेमके काय, हे समजावयास विसावे शतक उजाडावे लागले. सडांना स्पर्श होताच ती जाणीव मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी 'ऑक्सिटोसिन' नावाचा द्रव रक्तात सोडते. मिनिटाभरात तो कासेत पोहोचतो. तेथील दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध सडांकडे उतरते. कासेतील सुमारे चार-पंचमांश दूध याच पिशव्यांत असते. पान्हा न सुटल्यास ते कितीही ओढले तरी हाती लागत नाही. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो, म्हणून धार एकदा धरली की मध्ये थांबू नये, हा गवळ्यांचा दंडक अगदी शास्त्रशुद्ध ठरतो. (संस्कृतात 'पीयूष' या शब्दाचा एक अर्थ नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध असाही आहे. ग्रंथीचे हे नाव योजणाऱ्यांच्या मनात तो होता की नाही कोण जाणे, पण नाव मोठे समर्पक पडले आहे!)

विन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1953 साली ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले आणि 1955 मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी, 1941 साली, एली आणि पीटरसन या संशोधकांनी केलेला एक प्रयोग दिवाळीच्या तोंडावर तर विशेषच आठवावा असा आहे. धारेच्या वेळी त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेविले आणि कागदी पिशव्या फुगवून तिच्याजवळ फोडल्या. गाय बिथरली आणि तिचा पान्हा आटला. भयाने रक्तात अ‍ॅड्रिनलिन उसळते आणि ते ऑक्सिटोसिनच्या कार्यात अडथळा आणते. गाय 'पान्हा चोरते' असे आपण म्हणतो. खरे पाहता ती चोर नसून भ्यालेली असते. कागदी पिशवीच्या आवाजाने ही गत होते, तर गोठ्याच्या कुडाशी सुतळी बाँब लावणाऱ्या आपल्या चिरंजीवांस काय म्हणावे?

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या कॅथरीन बर्टनशॉ आणि पीटर रोलिन्सन यांनी 516 शेतकऱ्यांकडून माहिती गोळा करून 2009 मध्ये एक निष्कर्ष मांडला. ज्या गोठ्यांत गाईंना नावाने हाक मारली जाते, तेथे प्रत्येक गाईमागे वर्षाकाठी सरासरी 258 लिटर दूध अधिक मिळते! या संशोधनास त्या वर्षी एक विनोदी पारितोषिकही देण्यात आले. नावाने दूध वाढते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जो माणूस गाईला नाव देतो, तो तिच्याकडे पाहतोही. ती आज लंगडते आहे, तिने वैरण टाकली आहे, हे त्याच्या ध्यानी लवकर येते. आमच्याकडील तांबू, कपिला, हरणी आणि ढवळी यांना हे सांगावयास इंग्लंडचे विद्यापीठ लागले नसते. आता मात्र मोठ्या गोठ्यांत कानातील पिवळ्या बिल्ल्यावरील आकड्यांनी गाय ओळखली जाते.

पान्ह्याचे हे रहस्य ठाऊक असणे आणि त्याचा आदर करणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. वासरू दगावले की गाईच्या जननमार्गात वारा फुंकून तिला पान्हा सोडावयास लावण्याची 'फुंका' नावाची अघोरी रीत आपल्याच देशात, विशेषतः शहरांतील गोठ्यांत, चालत असे. गाई-म्हशींवर होणाऱ्या या अत्याचाराची हकीकत कळल्याने महात्मा गांधींना दुधाचा तिटकारा आला. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले, त्यामागील कारणांत हेही एक होते. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने फुंका हा गुन्हा ठरविला आणि दूध वाढविण्यासाठी दिलेली अपायकारक इंजेक्शनेही त्याच कलमात आणली. तरीही लहानशा बाटलीतील ऑक्सिटोसिन काही गोठ्यांत शिरलेच. फुंक्याची जागा सुईने घेतली, एवढाच फरक. ज्या शोधाने पान्ह्याचा उलगडा केला, तोच वासराला दूर सारण्यास वापरला जावा, याची खंत वाटते.

याच गांधीजींनी 1946 साली पुण्याजवळील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम स्थापन केला आणि तो मणिभाई देसाई या तरुण सहकाऱ्याच्या हाती सोपविला. मणिभाईंनी तेथे गीर गाई सांभाळल्या आणि 1967 मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी केली. जर्सी व होल्स्टीन वळूंच्या गोठविलेल्या वीर्याने कृत्रिम रेतनाची सोय शेतकऱ्याच्या दारात नेण्याचे मोठे कार्य या संस्थेने केले. 1982 साली मणिभाईंस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अल्पभूधारकाच्या दारी संकरित गाय आली, दूध वाढले, मुलांच्या शाळेची फी त्यातून भरली गेली. हे ऋण अमान्य करणे कृतघ्नपणाचे होईल.

मात्र ही गाय थंड मुलखातील रक्त घेऊन आली आहे. मराठवाड्याच्या वैशाखात पत्र्याखाली बांधली की ती धापा टाकते, वैरण कमी खाते, दूध उतरते आणि रेतन करूनही वारंवार उलटते. दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते; तरी आपण तिला दिवसातून दोनदा दाव्याने हौदावर नेतो आणि दूध का घटले म्हणून पेंड बदलतो! निरोगी गाय दिवसाचे दहा-बारा तास आडवी पडून विसावते, निवांत रवंथ करते. खडबडीत ओल्या फरशीवर, हातभर दाव्यात हे साधावे कसे? गाईला दाव्यातून सोडून, सावली, कोरडी जमीन आणि अष्टौप्रहर पाणी देणारा 'मुक्त संचार गोठा' अलीकडे महाराष्ट्रात अनेकांनी स्वीकारला आहे. त्यास खर्च फार नाही. मनाची तयारी मात्र लागते.

आता थोडे खरवसाविषयी. आम्ही स्वतः खरवसाचे भोक्ते आहोत, हे आधीच कबूल करतो. परंतु मानवी अर्भकाप्रमाणे वासरास आईच्या उदरात रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. गाईची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. वासरू जगात येते ते अगदी निःशस्त्र. ती द्रव्ये असतात चिकात, आणि वासराच्या आतड्यांतून ती रक्तात शोषली जाण्याचे दार जन्मानंतर सुमारे चोवीस तासांत बंद होते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दशांशाइतका, म्हणजे तीस किलोच्या वासरास तीन लिटर. आमच्या खेड्यांत वार पडेपर्यंत वासरास पाजू नये असा एक समज आहे. तो घातक आहे. वासरू चोखू लागले की जे ऑक्सिटोसिन स्रवते, तेच गर्भाशयाचेही आकुंचन घडविते आणि वार पडण्यास साहाय्य करते. वासराचे पोट भरल्यावर उरेल त्या चिकाचा खरवस सुखाने करावा. वेलदोडा घालून तो काही कमी गोड लागत नाही.

नैवेद्याचेही असेच. केळीच्या पानावर उडदाचे वडे, भात आणि गोडधोड वाढून गाईपुढे ठेवण्याची चाल आहे, आणि एका घरचा एक घास तिला बाधत नाही. शहरांत मात्र आळीत एकच गाय-वासरू आणले जाते आणि चाळीस घरांची पाने तिच्यापुढे येतात. गाईच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीव वैरणीवर पोसलेले असतात. शिजलेला भात आणि गूळ एकदम लोटला की तेथे आम्ल वाढते, रवंथ थांबतो, पोट फुगते. प्रसंगी गाय दगावतेही. तेव्हा सुवासिनींनी घासभर नैवेद्य दाखवावा आणि बाकी पानाऐवजी हिरव्या चाऱ्याची एक पेंडी व बादलीभर स्वच्छ पाणी गाईपुढे ठेवावे, ही विनंती.

आमच्या आजीच्या गोठ्यात तीन सडांची धार घरात येई आणि चौथा सड वासराचा असे. धार काढून झाली की ती त्याचे दावे सोडी. धारेनंतर वासरू चोखल्यास कासेत मागे राहिलेले दूध निघून जाते आणि कासदाह, म्हणजे शेतकरी जिला 'दगडी' म्हणतात ती व्याधी, कमी होते, असे उष्ण प्रदेशांतील प्रयोगांत पुढे आढळून आले. आजीला दगडी ठाऊक होती, प्रयोग ठाऊक नव्हते. वसुबारसेच्या सांजेला ती धारेचे भांडे गोठ्यात नेतच नसे.