‘रशियाचा डॉक्टर’ आणि औरादचा दवाखाना

आधी एक खुलासा. औराद दोन आहेत. निलंगा तालुक्यातलं औराद शहाजनी महाराष्ट्रात. हा मजकूर बिदर जिल्ह्यातल्या औराद बाऱ्हाळीचा, म्हणजे तालुक्याच्या गावाचा. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. बिदर, उदगीर आणि देगलूर इथून जवळपास सारख्याच अंतरावर, चाळीस-पन्नास किलोमीटर. त्यामुळे दुखणं वाढलं की घरात आधी वाद होतो तो कुठं न्यायचं याचा. गाडी येईपर्यंत डॉक्टरांच्या टंचाईवर जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंच चुकीचं असतं.

‘डॉक्टरच तयार होत नाहीत, येणार कुठून?’

होतात की! 2014 च्या आधी देशात 387 मेडिकल कॉलेजं आणि एमबीबीएसच्या सुमारे 51 हजार जागा होत्या. दहा वर्षांत कॉलेजं 780 झाली, जागा 1 लाख 18 हजारांच्या आसपास गेल्या. एकट्या कर्नाटकात बारा हजारांहून जास्त जागा आहेत. कलबुर्गीचं महादेवप्पा रामपुरे कॉलेज 1963 चं, बिदरचं ब्रिम्स 2007 चं, कलबुर्गीचं सरकारी कॉलेज 2013 चं. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या तयारीला बिदरच्या शाहीन संस्थेत आणि लातूरच्या क्लासेसमध्ये परमुलखातून मुलं येतात. कर्नाटकात पदवीनंतर एक वर्ष ग्रामीण सेवा सक्तीची करणारा कायदा 2012 चा. 2023 मध्ये सरकारनं तो सैल केला, कारण बाहेर पडणारी मुलं जास्त आणि रिकामी पदं कमी असा हिशोब निघाला.

मग अडतं कुठं? केंद्राच्या 2021-22 च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत ते दिसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरांची देशपातळीवरची तूट जेमतेम तीन टक्के. त्यावरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जन, फिजिशियन, बाळंतपणाचे आणि लहान मुलांचे डॉक्टर मिळून तूट सुमारे ऐंशी टक्के. म्हणजे ताप-खोकल्याला डॉक्टर आहे, अडलेल्या बाईला नाही.

सिझरचंच बघा. बाळंतपणाची डॉक्टर असून भागत नाही. भूल देणारा लागतो, रक्ताची सोय लागते, बाळ रडलं नाही तर बघणारा लागतो. यातला एक रजेवर गेला की बाकीचे हजर असून गैरहजर, आणि चिठ्ठीवर ‘रेफर’ लिहिलं जातं. लोक चिडतात ते समोर बसलेल्या डॉक्टरवर. खरं तर तो बिचारा हजर असतो म्हणूनच बोलणी खातो. एमबीबीएसला साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, पुढं एमडी किंवा एमएसची तीन. सगळं एका दमात झालं तरी साडेआठ वर्षं. शिवाय भूलतज्ज्ञाला एकट्यानं दवाखाना काढून चालत नाही. जिथं ऑपरेशनं होतात तिथंच तो राहणार. यावर आडवाटा आहेत: एमबीबीएस डॉक्टरला जीवरक्षक भूल द्यायचं काही आठवड्यांचं सरकारी प्रशिक्षण, 2020 पासून सुरू झालेले दोन वर्षांचे राष्ट्रीय बोर्डाचे डिप्लोमा. माझ्या मते नव्या कॉलेजच्या पायाभरणीपेक्षा तालुक्याला याचा उपयोग लवकर होईल.

‘हजार माणसांमागे एक डॉक्टर हा डब्ल्यूएचओचा नियम’

पुढाऱ्यांच्या भाषणात असतो, पण डब्ल्यूएचओनं असा नियम केलेला नाही. तिच्या 2006 च्या अहवालातला हजारी 2.28 हा आकडा डॉक्टर, नर्स आणि सुईणी मिळूनचा. आणि सरकार जे प्रमाण सांगतं त्यात आयुष डॉक्टरही धरलेले असतात. सरासरीत बेंगळुरू आणि औराद एकाच ताटात जेवतात, एवढंच.

‘बाहेरून शिकून आलेला म्हणजे विकत घेतलेली डिग्री’

रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपाईन्स, कुठूनही आला तरी गावात तो ‘रशियाचा डॉक्टर’च. त्या डिग्रीवर इथं थेट दवाखाना उघडता येत नाही. 2002 पासून एफएमजीई नावाची परीक्षा आहे. तीनशे प्रश्न, एकाच दिवशी, पास व्हायला दीडशे गुण. गेल्या काही वर्षांत बहुतेक वेळा शंभरातले दहा ते तीसच पास झाले आहेत. पास झाल्यावर भारतात एक वर्ष इंटर्नशिप, मग राज्याच्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथली मान्य पदव्युत्तर पदवी असेल तर ही परीक्षा माफ आहे.

गंमत अशी की इथल्या कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला अशी देशपातळीवरची परीक्षा द्यावीच लागत नाही. 2019 च्या कायद्यात सगळ्यांसाठी ‘नेक्स्ट’ नावाची परीक्षा लिहून ठेवली, ती अजून सुरू झालेली नाही. तेव्हा नोंदणी झालेला ‘रशियाचा डॉक्टर’ एक चाळणी जास्तीची पार करून आलेला असतो. भीती बाळगायची ती नापास होऊनही कुणाच्या तरी पाटीखाली बसणाऱ्याची. कर्नाटकात खाजगी दवाखान्याला केपीएमई कायद्याखाली नोंदणी लागते. तो नंबर भिंतीवर आहे का ते बघा.

‘नीट नाही जमली तर बाहेर जाता येतं’

हे एजंट सांगतो. 2018 पासून बाहेर जायलाही नीट पात्र व्हावंच लागतं. 2021 च्या नियमांनी आणखी अटी घातल्या: किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, तो इंग्रजीतून, त्याच संस्थेत एक वर्षाची इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टरकी करायची परवानगी मिळेल अशीच पदवी. फिलिपाईन्समधलं सुरुवातीचं ‘बीएस’ डॉक्टरकीच्या शिक्षणात धरत नाहीत. शेत विकण्याआधी हे सगळं लेखी मागावं.

दुसरी एक समजूत सीमाभागात घट्ट आहे, की मराठी शाळेतल्या पोराला कर्नाटकात मेडिकलची जागा मिळत नाही. नीट मराठीतूनही देता येते. राज्यघटनेच्या कलम 371 (जे) खाली बिदरसह कल्याण कर्नाटकातल्या संस्थांमध्ये स्थानिकांना 70 टक्के जागा आहेत. त्यासाठी जन्म, रहिवास किंवा आई-बापांचा रहिवास बघतात. घरातली भाषा कुणी विचारत नाही. दाखला असिस्टंट कमिशनरच्या कचेरीतून निघतो, आणि तो काढायला निकालाची वाट बघू नये.

सरकारी दवाखान्याला आरोग्य रक्षा समिती असते, गावातली माणसं तिच्यात असतात. त्यांच्यातलं कुणी ओळखीचं असेल तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारायला सांगा: भूल देणारा डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतो, आणि नसतो त्या दिवशी काय करायचं ठरलं आहे?